बाळाची पोच

मुदतरावांनी त्या दिवशी पहिल्याच बेलला दार उघडलं, तिथेच सगळं चुकलं.

एरवी ते असला अविचार करत नाहीत. पहिली बेल म्हणजे कुणीतरी आलंय, दुसरी म्हणजे त्याला खरंच काम आहे, आणि तिसरी वाजेपर्यंत बायको उठतेच, हा त्यांचा संसारातला अनुभव. पण त्या दिवशी बायको लॅबमध्ये होती आणि ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी होते. शिवाय सकाळी निघताना तिने बजावलं होतं, "आज संस्थेच्या बाई येणार आहेत, चार वाजता. मी त्याआधी पोचतेच. पण उशीर झाला, तर त्यांना दारात ताटकळत ठेवू नकोस. आणि एवढं एक कर माझ्यासाठी, मनापासून हो म्हण."

"म्हणतो की," मुदतराव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले होते.

"कशाला हो म्हणायचंय, ते तरी कळलंय का?"

"संस्था. चार वाजता. हो."

(परीक्षा असती तर काठावर पास झाले असते.)

मुदतराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. फोनवरून घरगुती सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या परतावा विभागात ते बसतात. मिक्सर फिरत नाही, इस्त्री तापत नाही, गिझर नको तेव्हा तापतो, म्हणून लोक फोन करतात, आणि मुदतराव अत्यंत नम्र आवाजात सांगतात, "मुदत संपली." वस्तू परवा घेतलेली असली तरी तिची संपलेली मुदत शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ऑफिसातल्यांनी ठेवलेलं हे नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं, कारण घरातही तोच कारभार होता. मूल हवं, असं बायको म्हणाली तेव्हा मुदतराव म्हणाले, जरा थांबू. थांबून झालं. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, सुया झाल्या (सगळ्या तिलाच, मुदतरावांना सुईची भीती वाटते). शेवटी डॉक्टरच म्हणाले, पुरे आता. मग ती म्हणाली, दत्तक घेऊ. मुदतराव म्हणाले, विचार करू. तो विचार अजून चालूच होता.

मधल्या काळात ती रोज लॅबमध्ये परक्या बायकांच्या बाटल्या तपासत होती. कुणाच्या घरी पाळणा हलणार, हे त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी, सासूच्या आधी, कधीकधी त्या बाईच्याही आधी हिला कळायचं. ही 'पॉझिटिव्ह' असं टाइप करायची आणि पुढची बाटली घ्यायची.

दत्तकाचा अर्ज तिने भरला. दोघांचे फोटो तिने काढून आणले. मुदतरावांच्या पगाराचा, तब्येतीचा आणि चारित्र्याचा दाखलाही तिनेच मिळवला. (चारित्र्याचा लगेच मिळाला. आयुष्यात काहीच न केलेल्या माणसाचं चारित्र्य चांगलंच असतं.) आता उरली होती फक्त घराची पाहणी. त्या पाहणीत दोघांनी हो म्हटलं तर नाव पुढे सरकणार होतं. एकजण जरी कां-कूं करताना दिसला, तर फाइल बंद.

तर बेल वाजली. चारला अजून बराच अवकाश होता. मुदतरावांनी दार उघडलं. बाहेर निळी टोपी घातलेला एक गाडीवाला उभा. खांद्याला फुगलेली पिशवी, एका हातात मोबाइल आणि काखेत बाळ.

"घ्या," तो म्हणाला.

"काय?"

"बाळ."

"एवढ्या लवकर?"

"आज रस्ता मोकळा मिळाला."

मुदतरावांनी बाळाकडे बघितलं. बाळाने मुदतरावांकडे बघितलं. दोघांनाही समोरचा माल फोटोत होता तसा वाटला नाही.

"मला वाटलं, आधी माणसं येतील," मुदतराव म्हणाले. "बसतील, बोलतील, मग..."

"साहेब, बोलायला वेळ कुणाला आहे? गाडीत अजून सहाजण भोकाड पसरून बसलेत. इथे बोट फिरवा."

मुदतरावांनी काचेवर बोट फिरवलं. उमटलेली सही त्यांची तर नव्हतीच, कुणाचीच नव्हती.

"आता धरा त्याला. जरा पुढे. तुम्ही मागे व्हा, तुम्ही नाही आलात तरी चालतं. बाळ आणि दार दिसलं की झालं." त्याने फोटो काढला. "पोचलं. दूध पिशवीत आहे. झोप झालेली नाही. जास्त हलवू नका."

आणि तो जिन्यावरून धडधडत उतरून गेला.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की बाळ असं घरपोच येतं का? पण जो माणूस दिवसभर घरपोच आलेल्या वस्तूंबद्दलच बोलतो आणि बायकोचं बोलणं वर्षानुवर्षं अर्धंच ऐकतो, त्याला ते येऊ शकतं. संस्था, चार वाजता, हो. त्यात काय चुकलं? उलट मुदतरावांना संस्थेचं कौतुकच वाटलं. ठरल्या वेळेच्या आधी माल पोचवणारी संस्था त्यांनी त्यांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

त्यांनी बाळ सोफ्यावर ठेवलं आणि पिशवीत माहितीपत्रक शोधलं. नव्हतं. मग ऑफिसच्या शिस्तीने पाहणी केली. बाहेरून ओरखडा नाही. सगळे भाग जागेवर. आवाज येतो. आवाज बंद करायची सोय दिसत नाही. खालच्या बाजूने गळती आहे.

गळती वाढली तसा मुदतरावांचा धीर सुटला. आवाज तर आता इतका चढला होता की समोरच्या खिडकीतली कबुतरं उडून गेली. पिशवीला एक पट्टी बांधलेली होती, तिच्यावर फोन नंबर होता. त्यांनी तो फिरवला. (लोक आपल्याला का फोन करतात, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळत होतं.)

"नमस्कार, बोला सर," पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"बाळ मिळालं."

"छान! पाच तारे द्याल ना, सर?"

"देतो. त्याआधी एक विचारायचं होतं. समजा नाही जमलं, तर परत घेता का?"

"आज नाही घेता येणार, सर. एकदा घरी पोचवलं की त्या दिवशी परत नाही. उद्या सकाळी आठनंतर आणून सोडा."

"उद्या? इतकं सोपं?"

"रोज सोडतात, सर, लोक."

"रोज?"

"काहीजण तर रविवारी पण घ्याल का म्हणून मागे लागतात."

मुदतराव हादरले. जग बिघडलंय, असं ते वर्तमानपत्र वाचताना म्हणायचेच, पण इतकं? तरी धंद्यातली सवय जात नाही. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि बदलून? म्हणजे थोडं मोठं, बोलणारं, स्वतःचं स्वतः बाथरूमला जाणारं?"

"सर, तुम्ही ना, भारी विनोद करता," ती मुलगी हसली आणि तिने फोन ठेवला.

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. एक पंखेवालं गिऱ्हाईक ऐकायलाच तयार नव्हतं, ते त्यांनी मुदतरावांच्या गळ्यात मारलं. मुदतराव एका हाताने बाळ थोपटत, दुसऱ्या हाताने फोन धरत, घसा खाकरून म्हणाले, "मुदत संपली."

बाळ रडायचं थांबलं. त्याने क्षणभर मुदतरावांच्या तोंडाकडे बघितलं आणि खदखदून हसलं.

मुदतरावांनी फोन ठेवला. आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "मुदत संपली."

बाळ पुन्हा हसलं. इतकं, की त्याला उचकी लागली.

या दोन शब्दांवर लोक आजवर रडले होते, किंचाळले होते, एका आजींनी तर वंश बुडेल असा शाप दिला होता. हसलं कुणी नव्हतं. मुदतरावांनी ते पडद्याआडून म्हटलं, टेबलाखालून म्हटलं, आणि कुणी बघत नाही याची खात्री करून एकदा चालीवर म्हणून दाखवलं. मग त्यांनी कपडे बदलले, बाळाचे आणि स्वतःचेही. लंगोट उलटा बसला, पण बसला. दूध अर्धं बाळाच्या पोटात गेलं, अर्धं बाहीत. आणि बाळाला मांडीवर घेऊन बसल्यावर मुदतरावांच्या मनात आलं, की आपण इतकी वर्षं कशाला घाबरत होतो? उद्या आठनंतर कुठेही काही नेऊन सोडायचं नाही. ठेवायचं.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी एका झटक्यात निर्णय घेतला होता. (आणि अर्थातच मूल दुसऱ्याचं होतं.)

कुलपात किल्ली फिरली. बायको आत आली.

"आलं!" मुदतराव ओरडले. "आलं बघ, वेळेआधी! सहीसुद्धा केली मी."

ती दारातच उभी राहिली. तिला सगळे नियम पाठ होते. नंबर कधी लागतो, कोण ठरवतं, फाइल किती जागी फिरते, झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. हे शक्य नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली, बेसिनपाशी गेली, लॅबमध्ये धुवायची तसे कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, आणि येऊन बाळ उचललं. त्याचं डोकं आपल्या हनुवटीखाली घेतलं. डोळे मिटले. लंगोट उलटा आहे, हे तिला दिसलं होतं. तरी तिने तो तसाच राहू दिला.

मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "कुणाचं आहे?"

"आपलं. संस्थेने पाठवलं."

"संस्था घरी मूल पाठवत नाही. संस्था आज आपल्याला बघायला येणार आहे. आपण लायक आहोत का, ते बघायला." तिने पिशवीची पट्टी उलटली. "हे पाळणाघराचं बाळ आहे, त्यांच्या गाडीने घरी सोडायचं. पलीकडच्या बिल्डिंगमधलं असणार. रंगकामासाठी दोन्हीकडच्या पाट्या काढल्यात ना, सगळं सारखंच दिसतं. तू कुणाचं तरी मूल घेतलंयस."

"मी नाही घेतलं, त्याने दिलं!"

"आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना! वाटलं म्हणजे..." मुदतरावांना कधी नव्हे ते खूप काही सांगायचं होतं. पण तिने तोवर नंबर फिरवला होता. त्या गोड आवाजाला तिने एवढंच सांगितलं, की आईला कळवा, बाळ इथे आहे, सुखरूप आहे. फोन ठेवला आणि बेल वाजली. चार वाजले होते.

"लपव!" मुदतराव म्हणाले.

"काय?"

"पाहणीच्या दिवशी घरात चोरीचं मूल निघालं तर काय म्हणतील त्या?"

"खरं ते सांगू."

"खरं सांगून कुणाचं भलं झालंय?" मुदतरावांनी बाळ घेतलं, धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत उशी टाकून त्यावर ठेवलं आणि वर पातळ ओढणी सोडली. बायकोला दार उघडणं भागच होतं.

संस्थेच्या पाहणीबाई आत आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, आणि न हसणारा चेहरा. त्यांनी खिडक्यांचे गज हलवून बघितले. औषधांचं कपाट उघडलं, बंद केलं. गॅसपाशी वाकल्या, बाल्कनीच्या कठड्याला हात लावून उंची पाहिली. ज्यांना मूल आपोआप होतं त्यांच्या घरचा कठडा कुणी बघायला जात नाही. त्यांचं कपाट उघडून कुणी विचारत नाही, की बाई, तुला प्रेम करता येतं का, दाखला दाखव. ज्यांना होत नाही त्यांनी मात्र लायकी सिद्ध करायची, तीही पायपुसण्यापासून.

"बाई, एक सांगायचं होतं..." बायको म्हणाली.

"चहा!" मुदतराव मध्येच म्हणाले. "चहा घेणार का, ते विचारतेय ती."

"नको. सध्या घरात लहान मूल?"

"नाही!" मुदतराव इतक्या जोरात म्हणाले की पाहणीबाईंनी चष्मा सारखा केला. त्या खुर्चीवर बसल्या. फाइल उघडली.

"हा तुमचा तब्येतीचा दाखला जुना दिसतोय. याची..."

"मुदत संपली?" मुदतरावांच्या तोंडून घाबरून निघून गेलं.

टोपली खदखदून हसली.

 बायकोने कपाळाला हात लावला.

"हे काय?" पाहणीबाईंनी विचारलं.

"टोपली."

"टोपली हसली."

"शेजारी टीव्ही..."

पाहणीबाई मुदतरावांकडे बघत सावकाश म्हणाल्या, "तुम्ही मुदत संपली असं म्हणालात, आणि..." टोपलीने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. त्या उठल्या आणि त्यांनी ओढणी उचलली. बाळाने दोन्ही हात वर केले.

मग मुदतरावांना कंठ फुटला. इतकी वर्षं न बोललेला माणूस बोलायला लागला की भलतंच बोलतो. "बाई, माझी काही चूक नाही. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत. मी सगळी चौकशी केली होती. आवडलं नाही तर परत घेतात, तेही विचारून ठेवलं. उद्या आठनंतर. बदलून मिळेल का, तेसुद्धा विचारलं मी. पण नंतर मी ठरवलं होतं की..."

ते थांबले, कारण बायको त्यांच्याकडे बघत होती.

"परत?" ती म्हणाली.

"अगं, ते आधी. नंतर मी..."

"बदलून?"

पुढचं वाक्य मुदतरावांच्या अगदी ओठांवर होतं. ठेवायचं ठरवलं होतं, हे ते वाक्य. पण परतावा विभागात बसून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. एकदा समोरच्याने तोंड फिरवलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

बेल पुन्हा वाजली. दारात बाळाची आई होती. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. "एक मिनिट हं," ती मोबाइलमध्ये म्हणाली आणि आत आली. "मला तर 'पोचलं' दाखवत होतं. दाराचा फोटोपण होता. मला वाटलं, घरी सांभाळणाऱ्या बाईंनी घेतलं. त्यांना वाटलं, मी परस्पर घेऊन गेले."

तिने बाळ घेतलं, पिशवी उघडून आतलं सामान तपासलं. "बाटलीचं झाकण कुठंय?"

झाकण सोफ्याखाली होतं. मुदतरावांनी ओणवं होऊन काढून दिलं.

"अहो, पण तुम्ही असं कुणाचंही मूल कसं घेता?" ती म्हणाली.

"तुम्ही असं कुणालाही कसं देता?" ओणव्यानेच मुदतरावांनी विचारलं.

दिवसभरात ते एवढं एकच वाक्य धड बोलले, आणि ते ऐकायला ती थांबली नाही. "हां, बोला सर," असं मोबाइलमध्ये म्हणत ती जिना उतरत होती. तिच्या खांद्यावरून बाळ मुदतरावांकडे बघत होतं. मग वळणावर तेही दिसेनासं झालं. तिचा कठडा बघायला पाहणीबाई जाणार नव्हत्या. कुणीच जाणार नव्हतं.

बायकोने दार लावलं. टोपलीतली उशी काढून तिने झटकली, वास घेतला आणि ती तशीच छातीशी धरून खुर्चीत बसली. पाहणीबाईही बसल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"शेवटचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "तो विचारावाच लागतो. तुमची मनापासून तयारी आहे?"

मुदतराव पुढे सरसावले. या वेळी त्यांना कशाला हो म्हणायचं आहे, ते पूर्ण माहीत होतं. पण बायको आधी बोलली.

"बाई, एकट्या बाईला मूल मिळतं का हो दत्तक?"

पाहणीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग उशीकडे, मग दुधाची बाही घेऊन उभ्या असलेल्या मुदतरावांकडे बराच वेळ बघितलं.

"मिळतं," त्या म्हणाल्या. "अर्ज नव्याने करावा लागतो. मात्र घरात आधीचं एखादं मोठं मूल असेल, तर त्याची संमती घ्यावी लागते."

"माझी काही हरकत नाही!" मुदतराव घाईघाईने म्हणाले. बायको इतकी वर्षं ज्या होकाराची वाट बघत होती, तो त्यांनी असा न मागता देऊन टाकला.

पाहणीबाईंनी तो लिहून घेतला.